दहाव्या आज्ञेविषयी, सुहासला

नगर

प्रिय सुहास,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. एरवी तू व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत आटपतोस. हाताने चार पानं लिहिलीस, त्यावरूनच काय ते कळलं. धाकट्याने पुण्यात फ्लॅट घेतला आणि तुझा जीव जळायला लागला. प्रार्थनेला बसलास की त्याचा हॉल आणि पार्किंग डोळ्यांपुढे येतं. ‘शेजाऱ्याच्या कशाचाही लोभ धरू नको’ ही दहावी आज्ञा वाचलीस की हेवा शमायच्या ऐवजी जास्तच फणा काढतो. म्हणून हल्ली प्रभुभोजनाची भाकर घ्यायला तू मागच्या बाकावरून उठतच नाहीस. आणि यावरून तू ठरवून टाकलंस, की आपलं तारण मुळात झालंच नसावं.

हे शेवटचं मला अजिबात मान्य नाही.

बायबलातल्या, पौलाच्या रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय काढ. नियमशास्त्राने, म्हणजे मोशेमार्फत आलेल्या देवाच्या आज्ञांनी, आपल्याला पाप कसं दाखवलं हे सांगताना पौल दहांतली कोणती आज्ञा उचलतो? खुनाची नाही, चोरीची नाही, व्यभिचाराची नाही. ‘लोभ धरू नको’, तुझीच. हाच माणूस फिलिप्पैकरांना लिहितो, की नियमशास्त्राच्या नीतिमत्त्वाच्या बाबतीत मी निर्दोष होतो. ती बढाई नव्हती. नियमशास्त्र काटेकोर पाळणारा कडक परूशी होता तो, चारचौघांनी साक्ष दिली असती. पण दहावी आज्ञा मोडायला हातपाय हलवावे लागत नाहीत. ती बाकावर बसल्या बसल्या, डोळे मिटून, ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणता म्हणता मोडते. बाहेरून निर्दोष असलेल्या पौलाला तिनेच गाठलं. आणि पाप आज्ञेचं निमित्त साधून आणखी उसळतं, हेही त्यानेच लिहून ठेवलंय. तुला वाटतं हे फक्त तुझ्याच नशिबी आलंय! पण त्यात तो आज्ञेला दोष देत नाही. ती पवित्र, न्याय्य आणि चांगलीच आहे म्हणतो.

त्या अध्यायातला ‘मी’ विश्वास ठेवण्याआधीचा की नंतरचा, यावर मोठमोठ्यांचं जमलेलं नाही. जुन्या काळचा बिशप ऑगस्टीन आधी म्हणायचा, की हा कृपा न मिळालेला माणूस. माणूस स्वतःच्या बळावर आज्ञा पाळू शकतो म्हणणाऱ्या पेलाग्यसशी वाद झाला त्या काळात त्याचं मत फिरलं. धर्मसुधारक ल्यूथर आणि काल्विन त्याच्या नंतरच्या मताचे, मेथडिस्ट चळवळीच्या वेस्लीला ते पटलं नाही. मी ऑगस्टीनच्या उतारवयाबरोबर. देवाच्या नियमशास्त्रात मला अंतर्यामी आनंद वाटतो, असं तो ‘मी’ म्हणतो ना, ते ज्याला देवाचं काही पडलेलं नाही तो म्हणणार नाही. आणि ज्याला पडलेलं नाही तो हेव्यापायी चार पानंही खरडणार नाही.

आता तुझी ती नवी फेलोशिप. ‘आपण कृपेखाली आहोत, आज्ञाबिज्ञा सोडून दे’ असं तिथे सांगतात म्हणतोस. ऐकायला बरं वाटतं, पण हे नवीन नाही. ल्यूथरच्याच गावचा, त्याच्याच जवळचा योहान आग्रिकोला हेच शिकवू लागला होता, आणि 1537 पासून ल्यूथरने त्याच्याविरुद्ध वादसभा घेतल्या. एर्फुर्टच्या मठात पापांगीकार करकरून ज्याचा जीव मेटाकुटीला आला, त्या ल्यूथरने! 1529च्या त्याच्या छोट्या प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रश्न-उत्तरांतून धर्म शिकवणाऱ्या पुस्तकात, पहिलं प्रकरण दहा आज्ञांचंच आहे. (गंमत बघ, 1738 मध्ये लंडनला ल्यूथरची रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना ऐकताना वेस्लीचं मन पेटलं, आणि तीनच वर्षांनी ल्यूथरचं गलतीकरांवरचं भाष्य वाचून तो वैतागला, की हा नियमशास्त्राला फारच तुच्छ लेखतो.)

मला स्वतःला जास्त उपयोग झाला तो 1563च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचा. आपली दुर्दशा कशावरून कळते, तर देवाच्या नियमशास्त्रावरून, हे तिथे सुरुवातीलाच आहे. पण दहा आज्ञा एकेक करून उलगडल्या आहेत त्या शेवटच्या, तिसऱ्या भागात. तो भाग उपकारस्तुतीचा. म्हणजे आधी दुर्दशा, मग सुटका, मग आज्ञा. दहा आज्ञा जिथे दिल्यात त्या निर्गम पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातही हाच क्रम आहे: ‘मी तुला मिसर देशातून काढून आणलं’ हे आधी, ‘लोभ धरू नको’ नंतर. तू रोज उलटीकडून चढायला बघतोस. आधी दहावी आज्ञा पाळून दाखवीन, मग सुटलो म्हणेन. असं कोणीच सुटलेलं नाही रे.

त्याच प्रश्नोत्तरीत 113वा प्रश्न दहाव्या आज्ञेचा, आणि लगेच 114वा: मग विश्वासणाऱ्यांना हे सगळं पूर्ण पाळता येतं का? उत्तर, नाही. अगदी पवित्रातल्या पवित्र माणसाचीही या जन्मात नुसती सुरुवात होते. पण सुरुवात मनापासून आणि सगळ्याच आज्ञांच्या बाबतीत होते. मग इतक्या कडकपणे शिकवायच्या कशाला, हा 115वा. आपलं पाप आपल्याला जन्मभर अधिकाधिक कळावं आणि आपण ख्रिस्ताकडे क्षमेसाठी धावावं, आणि पवित्र आत्म्याची कृपा मागत झटत राहावं, म्हणून. तुला पहिला अर्धा भाग चोख जमतो. फक्त पाप कळलं की तू धावतोस ते मागच्या बाकाकडे.

आपल्या पंडिता रमाबाईंनीही लिहून ठेवलंय, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता. एवढी विदुषी, एवढी कष्टाळू बाई. तू तर त्यामानाने लवकर अडलास.

प्रभुभोजनाचं म्हणशील तर करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय नीट वाच. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, असं पौल सांगतो. परीक्षा करून घरी जावं असं नाही. तुझ्या पाळकांशी एकदा मोकळेपणाने बोल, आणि पुढच्या वेळी पुढे जा.

धाकट्याने नव्या घरात प्रार्थना ठेवलीय ना शनिवारी? टाळू नकोस. वहिनीला आणि पोरांनाही ने. मोठा भाऊ म्हणून तुलाच प्रार्थना करायला सांगतील. घराचं, खोल्यांचं, त्या पार्किंगचंसुद्धा नाव घेऊन आशीर्वाद माग. जीभ अडखळेल, अडखळू दे. कसं झालं ते रविवारी फोन करून सांग, मी उपासनेहून बाराच्या सुमारास घरी असतो.

तुझा,
दिलीप