गेलेला ग्राहक आणि तीस दिवस

सांगली,
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रकाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र शनिवारी मिळाले. ज्या किराणा दुकानदाराच्या घरच्या चौघांची आरोग्य पॉलिसी तू पाच वर्षे सांभाळलीस, तो दुसऱ्या कंपनीच्या एजंटाकडे गेला आणि हे तुला त्याच्या मुलाकडून कळले, हे वाचून फार वाईट वाटले. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस की, त्या एजंटाप्रमाणे आपणही कमिशनमधले पैसे ग्राहकाला परत द्यायला सुरुवात करावी का. त्याचे उत्तर आधी देतो: देऊ नकोस. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४१ नुसार अशी सूट देणे आणि घेणे या दोन्हींना मनाई आहे आणि त्यासाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी, जो ग्राहक पैसे परत मिळाले म्हणून आला तो पुढच्या वर्षी दोनशे रुपये जास्त देणाऱ्याकडे जाईल, आणि दरम्यान त्याचा अर्ज नीट भरण्यासाठी लागणारा तुझा वेळ आणि मन, दोन्ही त्या सौद्यात खर्च झालेले असेल.

आता जे तुला कधी सांगितले नाही ते सांगतो.

इथल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांची पॉलिसी जून २०१८ पासून माझ्याकडे होती. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांना मधुमेह होता आणि तो आम्ही पहिल्याच दिवशी प्रस्ताव अर्जात लिहिला होता. त्यामुळे हप्ता थोडा वाढला, पण चार वर्षांचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे आधीच्या आजारासाठी क्लेम मिळत नाही तो काळ, २०२२ मध्ये संपला आणि मधुमेहाशी संबंधित उपचारांचे दार त्यांच्यासाठी पूर्ण उघडले. २०२४ च्या एप्रिलपासून नियमही बदलला: सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिली की, सिद्ध झालेली फसवणूक सोडल्यास, माहिती दडवल्याचे कारण सांगून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. गुरुजींची तर सहा वर्षे पूर्ण होत आली होती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये एक एजंट त्यांच्याकडे गेला. तुमची कंपनी लवकरच विकली जाणार आहे, आमच्याकडे साडेचार हजारांनी स्वस्त पडेल, सगळे पहिल्या दिवसापासून मिळेल, आणि ‘शुगरचे लिहायची गरज नाही, गोळ्यांवर आहे म्हणजे आजार धरत नाहीत’, असे त्याने सांगितले. गुरुजींनी कोऱ्या अर्जावर सही केली.

त्याने पॉलिसी पोर्ट केली असती, म्हणजे जुन्या वर्षांसकट नव्या कंपनीकडे हलवली असती, तर निदान ती वर्षे तरी मोजली गेली असती. पण पोर्टसाठी नूतनीकरणाच्या किमान पंचेचाळीस दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, जुन्या कंपनीकडून ग्राहकाचा इतिहास नव्या कंपनीकडे जातो आणि नवी कंपनी नकारही देऊ शकते. आजार दडवून काढलेली नवी पॉलिसी मात्र चार दिवसांत हातात पडते. बोलताना त्याने ‘पोर्ट’ हाच शब्द वापरला होता आणि कागद नव्या पॉलिसीचे केले होते, हा फरक गुरुजींना कळणार कसा?

मला हे पंधरवड्यातच कळले होते, प्रकाश. गुरुजींच्या गल्लीतून मी रोज जात होतो. पण सहा वर्षांत त्यांच्या दोन क्लेमसाठी मी रात्री-अपरात्री मिरजेच्या रुग्णालयात बसलो होतो, आणि त्यांनी मला एक फोनही केला नाही, याचा मला इतका राग आला होता की मी त्यांच्या दाराशी थांबलो नाही. मार्च २०२५ मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली. बिल दोन लाख ऐंशी हजारांचे होते. डिस्चार्ज कार्डवर ‘मधुमेह, दहा वर्षे’ असे स्पष्ट लिहिलेले होते आणि अर्जात त्या प्रश्नापुढे ‘नाही’ होते. क्लेम नाकारला गेला. त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या तेव्हा मी कंपनीकडे तक्रार लिहून दिली, महिनाभर वाट पाहून विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालांकडे प्रकरण नेले. तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही चालत नाही, म्हणून गुरुजी स्वतःच बोलले. निकाल विरुद्ध गेला. सही त्यांची होती, आणि एजंट जे काही बोलला होता त्यातले एक अक्षरही कागदावर नव्हते.

जुनी पॉलिसी असती तर ते पैसे मिळाले असते. आणि जुनी पॉलिसी वाचवायला तेव्हा वेळही होता, ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही. नवी पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. वैद्यकीय तपासणीचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि गेलेल्या दिवसांचा हप्ता कापून बाकी पैसे परत मिळतात. वार्षिक हप्त्याच्या जुन्या पॉलिसीलाही मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत असते. त्या दिवसांतल्या आजारपणाला संरक्षण नसते, पण हप्ता भरला की आधीच्या वर्षांचे सातत्य तुटत नाही. या दोन तीस दिवसांत मी गुरुजींच्या घरी फक्त एकदा जायला हवे होते.

म्हणून तुझ्या दुकानदाराविषयी मला घाई आहे. तू लिहिल्याप्रमाणे त्याची जुनी पॉलिसी २८ ऑक्टोबरला संपली, म्हणजे २७ नोव्हेंबरपर्यंत ती जिवंत करता येईल. नवी त्याला ३ नोव्हेंबरला मिळाली. त्याच्या पत्नीचा रक्तदाब तुझ्या अर्जात लिहिलेला आहे, नव्यात बहुधा नाही. त्याची साठ महिन्यांची अट नेमकी याच ऑक्टोबरमध्ये पूर्ण झाली, हे त्याला कोणी सांगितलेले नसणार.

त्याच्याशी बोलताना त्या एजंटाला नावे ठेवू नकोस. ग्राहकाला ते व्यापाऱ्यांचे भांडण वाटते आणि त्याने केलेली निवड चुकीची होती हे ऐकायला तो तयार नसतो. त्याच्याकडून नवी पॉलिसी मागून घे आणि सोबत जोडलेली अर्जाची प्रत त्याच्यासमोर मोठ्याने वाच. आजारांच्या रकान्यात काय लिहिले आहे ते त्याचे त्यालाच दिसू दे. मग ग्राहक माहिती पत्रक, म्हणजे पॉलिसीच्या मुख्य अटी सोप्या भाषेत सांगणारा कागद, काढ. जानेवारी २०२४ पासून ते प्रत्येक पॉलिसीसोबत द्यावे लागते आणि मागितल्यास मराठीतही मिळते. त्यात खोलीभाड्याची मर्यादा पाहा. पाच लाखांच्या पॉलिसीत ती एक टक्का असेल तर दिवसाला पाच हजार, आणि तो दहा हजारांच्या खोलीत राहिला तर फक्त भाडेच अर्धे होत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचा खर्च हेही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकतात. औषधे, तपासण्या आणि बसवलेली उपकरणे यांना ही कपात लागत नाही, तेही सांग. आपल्या बाजूने बोलतानाही अर्धवट सांगायचे नाही.

‘आमच्याकडे जीएसटी लागत नाही’ हे त्याला भुरळ घालणारे वाक्य ठरले, असे तू लिहिलेस. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के कर सर्वच कंपन्यांसाठी शून्य झाला आहे. त्याच्या हातात गेल्या वर्षीची तुझी पावती होती, तिच्यात कर होता, आणि सरकारने दिलेली सवलत त्या माणसाने स्वतःची म्हणून विकली. यंदाचा तुझा हप्ता कागदावर लिहून दे, एवढे पुरे. जे तो एजंट तोंडी सांगतो ते व्हॉट्सॲपवर लिहून माग, असेही दुकानदाराला सुचव. लिहून दिले तर पुढे पुरावा राहील. तक्रार करायची वेळ आली तर पॉलिसीवर त्या एजंटाचा कोड असतोच. आधी कंपनीकडे आणि मग विमा नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर ती नोंदवता येते.

क्रम मात्र चुकवू नकोस. आधी जुन्या पॉलिसीचा हप्ता भरून पावती हातात येऊ दे, त्यानंतरच नवी परत करण्याचे पत्र दे. आणि सगळे वाचून झाल्यावरही त्याला नवीच ठेवायची असेल, तर पत्नीचा रक्तदाब कंपनीला आजच लेखी कळवायला त्याला मदत कर, मग तुला त्यातून एक रुपया मिळो न मिळो.

येत्या रविवारी, २३ तारखेला, मी सकाळच्या गाडीने कराडला येतो. दुकान दुपारी बंद असते असे तू म्हणाला होतास. तेव्हाच आपण दोघे त्याच्या घरी जाऊ. त्याला आधी फोन करून ठेव आणि पॉलिसीचे पाकीट न फाडता, सगळ्या कागदांसकट ठेवायला सांग.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुधीर