यकृतदात्याची रजा

अवयवदान करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा देण्याचा एप्रिल २०२३मधील निर्णय योग्यच आहे. पण खासगी नोकरीतल्या दात्याचे काय? मी धाकट्या भावाला यकृताचा उजवा भाग दिला. म्हणजे जवळपास ६० टक्के यकृत. ते काही आठवड्यांतच बरेचसे पुन्हा वाढते, हे खरे. पण पोटाचे कापलेले स्नायू त्या वेगाने भरून येत नाहीत. पहिला महिना कुशीवर वळतानाही टाके ओढायचे. थकवा असा की आंघोळ केली तरी पुन्हा पडावेसे वाटे. जड उचलायला तीन महिने मनाई होती. साठलेली रजा २३ दिवसांत संपली, पुढचे दिवस बिनपगारी गेले. भाऊही अंथरुणावर, म्हणजे घरातले दोन पगार एकदमच थांबले. मूत्रपिंड निकामी झाले तर डायलिसिसवर काही काळ निभावते. यकृताला तसा आधार नाही, त्यामुळे सवडीने तारीखही ठरवता येत नाही. आज भाऊ आणि मी दोघेही ठणठणीत आहोत. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७मध्ये दात्यांसाठी अशा भरपगारी रजेची तरतूद राज्य सरकारने करावी.

– एक यकृतदाता, सांगली