तेराच्या गोटीवाल्या ताईंना, जरा उशिराच

ताई, नमस्कार.

नाव माहीत नाही तुमचं, खरंच. बी विंगला तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहता आणि पिरंगुटला कुठल्यातरी कंपनीत शिफ्टला जाता एवढंच माहीत, तेही त्या रविवारनंतर. तीनदा तुमच्या दारापर्यंत येऊन परत फिरलो, कारण बाहेर सेफ्टी शूज दिसले म्हणजे तुम्ही झोपलेल्या असणार, आणि थर्ड शिफ्ट करून आडव्या झालेल्या माणसाला थँक्यू म्हणायला बेल मारून उठवायचं म्हणजे आभार कसले, तो तर छळ. म्हणून तुम्ही त्या रविवारी बाबांच्या बाइकचा गंजलेला नट सोडवून दिलात त्याचे आभार असे सगळ्यांसमोर लिहितोय (आणि बाकीच्यांनो, गोटी म्हणजे खेळायची नाही, नटावर टोपीसारखा बसणारा सॉकेट पाना). वाचणाऱ्यांपैकी कुणी रविवारी सकाळी पाना घेऊन गाडीपाशी बसायच्या बेतात असेल तर त्याचंही भलं होईल.

मी ए विंगमधला, पार्किंगमधे छिन्नी घेऊन बसलेला. आठवला असेन.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगतो. बाबांची हंड्रेड सीसी बाइक आहे, २००६ ची. ती विकायचा विषय काढला की ते जेवणावरून उठतात. तिचे मागचे दोन्ही शॉकअप संपले होते, उजव्याचं तर तेल गळून खालच्या बाजूला काळा चिखल झालेला. वारजे ते मंडई जेवढे स्पीड ब्रेकर तेवढ्या वेळा ठण्ण. सीट दाबून सोडली की गाडी एकदा वर येऊन गप उभी राहायला पाहिजे, ही आपली तीन चार वेळा डुलणार, पाळण्यासारखी. आपण म्हणतो शॉकअप झटका खातो, पण झटका खाते स्प्रिंग, शॉकअपचं काम त्या स्प्रिंगचं नाचणं आवरायचं, आतलं तेल पिस्टनच्या बारीक भोकांतून ढकलून ढकलून. तेल गेलं की स्प्रिंगला धरणारं कुणी राहत नाही.

मग शनिवारी नाना पेठेत जाऊन नवी जोडी आणली, सतराशे रुपये. मी आधी एकच मागितला होता, दुकानदाराने असं बघितलं की जणू एका पायाची चप्पल मागतोय. गॅरेजवाला म्हणाला होता मंगळवारी लावून देतो, पण मी म्हणलं चार नटांचं काम आहे, त्यात काय एवढं.

त्यात काय एवढं ते रविवारी सकाळी साडेसहापासून बघत होतो. गाडी मेन स्टँडला लावली, डावा शॉकअप वीस मिनिटात खाली, नवीन जागेवर. एका वेळी एकच बाजू काढायची एवढी अक्कल होती, म्हणजे दुसरा शॉकअप चिमट्याला, मागचं चाक ज्यात बसतं त्याला, धरून ठेवतो. उजव्याचा खालचा बोल्टही आला. वरचा नट मात्र हलेना. ती बाजू पार्किंगच्या उघड्या कडेला असते, किती पावसाळे त्या नटावर पडले असतील कोण जाणे, वर चकचकीत टोपी आणि कडेने सगळा तपकिरी पापुद्रा.

माझ्याकडे चौदाचा फिक्स पाना होता, उघड्या तोंडाचा, रिंग पाना शोधायचा कंटाळा केला ही पहिली चूक. पान्याला जुन्या बाजारातून कधीतरी आणलेला पाइप घातला ही दुसरी. जोर लावला, पाना सटकला, बोटांची सालं निघाली. परत लावला, परत सटकला, नटाचे कोपरे गोल. व्हाइसग्रिप, म्हणजे लॉक होणारी पकड, लावली, तिने उरलेले कोपरेही खाल्ले. डब्ल्यूडी फोर्टीचा, म्हणजे गंज सोडवायच्या तेलाच्या स्प्रेचा, अर्धा डबा नटाच्या डोक्यावर मारला. वरून बाबा गॅलरीतून, गॅरेजला टाक म्हणलं होतं ना. मग डोकं फिरलं आणि मी छिन्नी हातोडा घेतला, म्हणलं आडवी लावून दोन घाव घालतो, फिरेल नाहीतर फुटेल.

तेव्हा तुम्ही आलात, कंपनीच्या बसमधून उतरून, खांद्याला सॅक, युनिफॉर्मवर. आणि म्हणालात, दादा, छिन्नी खाली ठेवा.

मला वाटलं तुमची गाडी माझ्या मागे अडकलीये. मी म्हणलं सॉरी सॉरी, काढायचीये का तुम्हाला, होतंच आलंय. हे आत्ता लिहितानाही कानाला गरम लागतं. तुम्ही त्यावर काहीच बोलला नाहीत, उकिडव्या बसलात, नटाकडे बघितलं आणि विचारलं, कुठल्या बाजूने सोडवताय?

मी म्हणलं पुढे. डाव्या बाजूला पाना उभा लावून गाडीच्या तोंडाकडे ढकलला होता आणि नट सुटला होता, तर इकडेही उभा लावून तोंडाकडेच ढकलत होतो.

तुम्ही म्हणालात, नटाच्या समोर बसा आणि मग सांगा.

बसलो समोर. हात फिरवून बघितला. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. डावीकडे जे पुढे ते सोडवणं, उजवीकडे तेच पुढे म्हणजे आवळणं, कारण बाजू बदलली की गाडीचं तोंड आपल्या दुसऱ्या हाताला येतं. म्हणजे पाऊण तास, पाइप लावून, घाम गाळून, बोटं सोलून मी तो नट आवळत होतो.

ताई, तुम्ही हसला नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर हसलो असतो आणि वर बिल्डिंगभर सांगितलं असतं. तुम्ही फक्त म्हणालात की, बरं, गंजलेला नट आधी जरा आवळून मग सोडवायचा असतो, तर आवळायचं काम झालंय आपलं.

मग तुम्ही पाच मिनिटात जे सांगितलं ते मला इंजिनियरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं (कॉम्प्युटरला होतो, पण तरी). हा बोल्ट नाहीये, स्टड आहे, म्हणजे फ्रेमला वेल्ड केलेला आट्यांचा दांडा. नट गेला तर वीस रुपये गेले, स्टड मोडला तर गाडी उघडी करून फ्रेमवर वेल्डिंग. आणि हा टोपीचा नट आहे, वरून बंद, डोक्यावर डबाभर तेल ओतलं तरी आट्यांपर्यंत एक थेंब जाणार नाही, तेल जायला एकच वाट, मागून, वॉशरच्या फटीतून. मी तो डबा टोपीवर मारत होतो आणि ते सगळं ओघळून फरशीवर.

तुम्ही सॅकमधून तारेचा ब्रश काढला (नाईट करून घरी जाताना कुणाच्या सॅकमधे तारेचा ब्रश असतो?), वॉशरच्या कडेचा पापुद्रा खरवडला, नळीचं टोक त्या फटीत टेकवून दोन फवारे मारले, फक्त दोन, आणि छोट्या हातोडीने नटाला गोल फिरत टक टक टक. ठोकायचं नाही, वाजवायचं, असं म्हणालात. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून तो आट्यांमधे फुगून बसतो, त्याला हादरे देऊन भेगा पाडायच्या आणि त्या भेगांतून तेल आपलं आपण आत शिरतं.

मी म्हणलं व्हिडिओत लाल होईपर्यंत तापवतात ते करू का. तर तुम्ही बोटाने एकेक दाखवलं, हे रबरी बुश, हा शॉकअप, आत तेल भरून सीलबंद, आणि ही पेट्रोलची टाकी. पुढे काही म्हणाला नाहीत. गरजच नव्हती.

आणि शेवटी, दर तासाला दोन फवारे, थोडं वाजवायचं, पाना लावायचा नाही, संध्याकाळी सहाला बघू. आणि झोपायला निघून गेलात.

तो दिवस मला फार मोठा गेला. दर तासाला खाली. दुपारी वाटलं एकदा लावून बघावा, पाना हातात घेतला सुद्धा, मग ठेवला. पोरं क्रिकेट खेळत होती त्यांना गाडीपासून लांब हाकलली. सेक्रेटरी येऊन फरशीवरच्या तेलाचा डाग बघून गेले आणि काही न बोलता बरंच बोलून गेले. बायको म्हणाली, आजवर कुणाची एवढी विचारपूस केली नाहीस तू. वाचत बसलो तर कळलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवायचं औषध, आणि चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून फोर्टी. मी चौथ्याच प्रयत्नात छिन्नी उचलली होती.

सहाला तुम्ही खाली आलात, हातात ती गोटी. तेराची. मी म्हणलं नट चौदाचा आहे. तुम्ही म्हणालात, होता. कोपरे गेले, आता तो ना चौदाचा ना तेराचा, म्हणून तेराची ठोकून बसवायची, आणि गोटी सहा कोनांची पाहिजे, बारा कोनांची परत सटकते. सरळ रेषेत, स्टडच्या नाकासमोर, चार घाव. तेव्हा मात्र तुम्ही जोरात मारलंत. गोटी नटावर अशी बसली की जणू तिथेच ओतली होती. रॅचेट नको म्हणालात, त्याचे दात जातात, टी पाना लावला आणि दांडी माझ्या हातात दिलीत. मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, आपल्या डाव्या हाताला ना? हो.

दाबलं. काही नाही. अजून दाबलं. आणि कट्ट.

माझं पाणी झालं. मला वाटलं स्टड मोडला, आवाजच तसा होता, वाळलेली फांदी मोडावी तसा. मी तुमच्याकडे बघितलं तर तुम्ही म्हणालात, आला. एवढंच. मग एकदम ओढायला लागलो तर हात धरलात, अर्धा आटा बाहेर, पाव आटा आत, दोन थेंब तेल, परत अर्धा बाहेर, नाहीतर सुटलेला गंजच परत आट्यांत अडकतो. वॉशरच्या मागून चहाच्या भुकटीसारखा तपकिरी चुरा पडत होता, हातावर, बुटावर. दहा मिनिटं लागली असतील. गोटीसकट नट हातात आला आणि स्टडचे आटे आतून बघतो तर चंदेरी, शाबूत. मी पोराचा दहावीचा निकाल लागल्यासारखा ओरडलो, वरून बाबांनी विचारलं काय मोडलं.

पैसे विचारले ही माझी आणखी एक चूक. तुम्ही औंधच्या आयटीआयमधे फिटर ट्रेड केलाय, दोन वर्षं, हे तेव्हा कळलं, आणि दोन वर्षांतलं पहिलं शिकवणं काय होतं तर जोर शेवटी लावायचा, हे सांगून तुम्ही जिन्याकडे निघालात. जिन्यातून परत वळून एक गोष्ट सांगितलीत ती तर लाखाची. नवा नट कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमधून आणू नका, तो दहा एमएमला दीडच्या पिचचा, म्हणजे दोन आट्यांत दीड एमएम अंतर असलेला, देईल, गाडीला सव्वाचा लागतो, दिसायला सारखाच, पण जबरदस्तीने लावला तर जे आज वाचवलं ते उद्या घालवाल. हाताने दोन तीन आटे सहज फिरला तरच पाना लावा.

सोमवारी डावीकडचा नट नमुन्याला खिशात टाकून परत नाना पेठेत गेलो. खरं सांगू का, तिथल्या पहिल्या दुकानातही आधी चुकीचाच मिळाला. एक आटा फिरला आणि अडला. एरवी मी पाना लावून बसवलाच असता. परत दिला, दुसरा घेतला, बोटाने सुळकन गेला आत. स्टडला ब्रश मारून किंचित ग्रीस लावलं, उजवा शॉकअप चढवला, आवळला. बाबा खाली आले, किक मारली, गेटजवळच्या स्पीड ब्रेकरवरून गेले, वळले, परत आले, परत गेले. तीनदा. वॉचमनला वाटलं काहीतरी शोधतायत.

आता मुद्दा गोटीचा. ती अजून माझ्याकडे आहे आणि तिच्यात तो नट तसाच घट्ट बसलेला आहे. मागच्या चौकोनी भोकातून पंच घालून टोपीवर ठोकला की सुटेल असं मला वाटतंय, आणि फवारे मारून झालेत दोन, पण गोटी तुमची आहे म्हणून हातोडी उचललेली नाही. पुढच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट असेल तर संध्याकाळी पार्किंगमधे भेटा, बायकोने थालीपिठाचं भाजणीचं पीठ बांधून ठेवलंय ते पण द्यायचंय. तोपर्यंत एवढंच कळवा, ठोकू का थांबू?

तुमचा,
ए विंगमधला, उलटा नट फिरवणारा