बाबांचा रिपोर्ट आणि आत्याचं विचारणं
लायडन, नेदरलँड्स

ती. बाबा आणि सौ. आई यांस शि. सा. नमस्कार.

मी बरी आहे. आई, पावसात सायकल चालवावी लागते हे खरं, पण अजून शिंकसुद्धा आलेली नाही. एकाच गोष्टीची सवय होत नाही: इथे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात! त्यावर वार नसतात, साल नसतं, फक्त तारखा आणि नावं. म्हणून एकच कॅलेंडर वर्षानुवर्षं चालतं. रोज नजर पडते, कुणाचा वाढदिवस चुकत नाही. तुमच्या तारखांचं कॅलेंडर मात्र मी टेबलाशेजारी लावलंय.

बाबा, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल २३८ आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी नॉर्मल, म्हणजे दोष सराफ्यातल्या खाण्याचा नसावा. यकृताच्या पेशींवरचा एलडीएल रिसेप्टर रक्तातला एलडीएलचा कण धरून आत नेतो, सोडतो आणि साधारण दहा मिनिटांत पुन्हा बाहेर येतो. त्याचा जीन, एलडीएलआर, १९व्या गुणसूत्रावर असतो. दोन प्रतींपैकी एक बिघडली की चालते रिसेप्टर निम्म्यावर येतात आणि कोलेस्टेरॉल जन्मापासून चढं राहतं. आजोबा ४८व्या वर्षी गेले, म्हणून शंका येते.

आधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि लघवीतलं प्रोटीन बघा. थायरॉइड मंद असलं किंवा प्रोटीन जात असलं तरी एलडीएल वाढतं. मग जीनची तपासणी: जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत २-३ मिली रक्त. उपाशी राहायला नको, कोलेस्टेरॉलची गोळी (स्टॅटिन) चालू असली तरी चालतं. एपीओबी आणि पीसीएसके९ हे जीनही त्यात हवेत, त्यांच्या बिघाडानेही एलडीएल चढतं. एमएलपीए, म्हणजे जीनचे गळालेले तुकडे शोधणारी चाचणी, करतात का, हे नक्की विचारा. जीनचा मोठा तुकडाच गळाला असेल तर नेहमीच्या सिक्वेन्सिंगमध्ये (जीनची अक्षरं वाचण्यात) तो निसटू शकतो. दोष सापडला की आत्या, दादा आणि मी तेवढीच जागा तपासायची. खर्च बराच वाचतो.

आणि आकडा उतरला म्हणून स्टॅटिन सोडू नका. ती यकृतात कोलेस्टेरॉल बनणं रोखते, म्हणून पेशी जास्त रिसेप्टर तयार करते. गोळी सुटली की काही आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न.

३० हजार पाठवलेत, ते तपासणीचेच. दिवाळीच्या तिकिटासाठी ठेवले होते. तिकीट काय, पुढेही काढता येईल. आई, रागावू नकोस.

आत्याने तिच्या मुलासाठी मला विचारलं, तेव्हा मी फोनवर विषय बदलला, त्याची रुखरुख आहे. मुलगा चांगलाच आहे. पण बिघडलेली प्रत दोघांतही असली, तर प्रत्येक मुलाला दोन्ही बिघडलेल्या मिळण्याची शक्यता चारात एक, आणि अशा मुलांना हृदयविकार लहानपणीच गाठू शकतो. तिला नकार कळवू नका, रिपोर्टपर्यंत थांब म्हणा. तुमचा आला की मी इथे रक्त देते.

तुमची,
मनू