फिजिओथेरपीची विद्यार्थिनी आणि सासरचे वेळापत्रक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलीचे लग्न ठरवताना हॉल, तारीख, दागिने यांवर तासन्‌तास बोलणे होते. तिचे वेळापत्रक मात्र कुणी मागत नाही. महाराष्ट्रात ही पदवी आजवर साडेचार वर्षांची, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. लेखी आणि प्रात्यक्षिक, दोन्हींत स्वतंत्रपणे 50 टक्के लागतात. परीक्षेच्या तोंडावर लग्न किंवा मंगळागौर आली, की प्रात्यक्षिकच कच्चे राहते. ते पाठ करून येत नाही, हाताला वळण लागावे लागते.

इथे नवऱ्याची खरी मदत होते. रोज अर्धा तास त्याने सरावासाठी आपला गुडघा द्यावा. गोनिओमीटरचा, म्हणजे सांध्याचा कोन मोजायच्या दोन पट्ट्यांच्या साधनाचा, मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, मांडीच्या हाडाच्या खालच्या उंचवट्यावर. स्थिर पट्टी खुब्याच्या उंचवट्याकडे, फिरती पट्टी बाहेरच्या घोट्याकडे. मध्य जरा सरकला तरी कोन चुकतो. स्नायूंची ताकद 0 ते 5 श्रेणीत तपासणेही घरी जमते. मानेला झटका देण्याचे प्रकार मात्र घरी मुळीच करू नयेत.

दिवसभर रुग्णांना उठवून-बसवून आलेल्या मुलीकडून रात्रीच्या पोळ्यांची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. आणि दिवस गेले असतील, तर तिने शॉर्टवेव्ह डायथर्मीच्या, म्हणजे विद्युतचुंबकीय लहरींनी खोलवर शेक देणाऱ्या, यंत्राजवळ थांबू नये. त्यामुळे तीन महिने कुणाला सांगायचे नाही ही रीत इथे चालत नाही. विभागप्रमुखांना लगेच कळवावे.

– फिजिओथेरपी शिकवणाऱ्या काही शिक्षिका, पुणे