दादाचं ठरलंय

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

महाल ते मनीषनगर काही लांब नाही, पण समोर बसलं की आई रडते आणि माझं अर्धं पोटातच राहतं. म्हणून चिठ्ठी पाठवते. सोमवारपासून दादा वर्धा रोडच्या मनोरुग्णांच्या आश्रमात राहणार. ठरलंय. मला तो जड झाला म्हणून नाही. खरं सांगू, रात्रीचं जागरण थोडं जड झालंही. पण माझ्याकडे तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून असतो, आणि आश्रमात पहिल्याच फेरीला त्यानं न सांगता मेथी निवडली.

आई, तुला ते दुसरं ठिकाण आठवेल. त्याच्या घोट्यावरचा दोरीचा वळ मीही रोज बघते. 2001 मध्ये तमिळनाडूत एरवाडीच्या मनोरुग्णांच्या आश्रमाला आग लागून साखळीनं बांधलेले 28 जण गेले, तेव्हा बाबांनी तो पेपर गादीखाली लपवला होता. म्हणून मी तीनदा जाऊन आले, एकदा न सांगता, भर दुपारी. खाटांखाली वाकून पाहिलं. साखळी बांधायला 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदीच आहे. नोंदणीचा नंबरही उतरवून आणलाय.

सही त्यानं स्वतः केली. बाबांसारखी खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. स्वतःहून जातोय, तर परत येतो म्हटल्यावर सोडावं लागतं. डॉक्टरांना शंका वाटली तरच तपासायला 24 तास थांबवता येतं.

संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना असते, बसायची सक्ती नाही. त्याचं मनाच्या आजाराचं औषध, क्लोझापीन, समोर उभं राहून देतात. या औषधानं पांढऱ्या पेशी कमी तर होत नाहीत ना, हे बघायला दर महिन्याची रक्ततपासणी चुकवणार नाहीत. तिथं बिडी बंद. धूर थांबला की हे औषध रक्तात वाढतं, म्हणून डॉक्टरांशी आधीच बोलले, ते डोस बघून कमी करतील. खाट खिडकीशी आहे, कूलरला नवी खस लावली, चारचा चहा मिळतो. तुझी निळी गोधडी मी दिलीय.

बाबा, लोक काय म्हणतील हे तुम्ही मनात आणू नका. ताजुद्दीन बाबा एवढे मोठे संत, तेही 1892 ते 1908 इथल्या नागपूरच्याच पागलखान्यात होते, लोक तिथंही त्यांच्या पाया पडायला जायचे, हे तुम्हीच ना आम्हाला ताजबागेत सांगायचे?

मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत मला दिसावं म्हणून दादा मला खांद्यावर घ्यायचा. पाय दुखले तरी उतरवायचा नाही. ते आठवलं की सोमवारचा विचारही नको होतो. तुम्ही कमी पडलात असं कधी मनातही आणू नका. बावीस वर्षं त्याची एक गोळी चुकू दिली नाही तुम्ही.

आता ऐका. बाबांनी बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, 'दुपारी घेतो' चालणार नाही. आईनं जिना चढायचा नाही, पाणी मोटारनंच चढवा. आश्रमात लाडू पाठवायचे नाहीत, या औषधानं वजन आणि शुगर वाढते. संत्री पाठव. भेट रविवारी असते, गाडी साडेनऊला दारात येईल. बाबा, तुमचा चष्मा बरोबर घ्या, दादाला पेपर वाचून दाखवायचाय म्हणाला होतात तुम्ही.

तुमची,
छोटी