मदतनीस मावशींना, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या ताईकडून

प्रिय मावशी,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही निवृत्त झालात हे मला सेविकाताईंच्या फोनवरून कळलं. शेवटच्या दिवशीही ताटल्या धुऊन, सतरंज्या झटकून, कुलूप लावूनच गेलात म्हणे. घरी भेटायला मी येणारच आहे. पण चहा घेता घेता मानलेले आभार आपल्या दोघींतच राहतील, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. माझ्या पदविकेच्या प्रमाणपत्रावर संस्थेचं नाव आहे, प्राचार्यांची सही आहे. लहान मुलांमध्ये बसायचं कसं हे ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव मात्र कुठल्याच कागदावर नाही. तुमच्या कामाच्या यादीत झाडलोट, पाणी भरणं, मुलांना घरून आणणं-सोडणं आणि आहार वाढणं एवढंच होतं. त्या यादीबाहेर तुम्ही काय केलंत, हे आज बालशिक्षणाचा कोर्स करणाऱ्या मुलींनी वाचावं असं मला फार वाटतं.

जून 2019 मध्ये मी निरीक्षणासाठी तुमच्या अंगणवाडीत आले. पुण्यातली आंबिल ओढ्याकाठची वस्ती, पत्र्याचं छप्पर, एक खोली. संस्थेतल्या बाईंनी आम्हाला मन लावून शिकवलं होतं, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. 1907 मध्ये रोममध्ये सुरू झालेलं माँटेसरीबाईंचं बालगृह, भावनगरला गिजुभाई बधेकांनी केलेलं बालशिक्षणाचं काम, आणि मग आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. अनुताई आपल्याच जिल्ह्यातल्या, मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, आणि त्यातून शिकून त्या शिक्षिका झाल्या. लक्ष्मी रोडवरच्या हुजूरपागेत शिकवायच्या. 1945 मध्ये पुणं सोडून ताराबाईंबरोबर समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालशिक्षणाच्या कामाला गेल्या. अजूनही हुजूरपागेवरून बस गेली की माझी मान तिकडे वळते. महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून ताराबाई थांबल्या नाहीत. बिया, शंख-शिंपले, पानं, खडे हीच त्यांची साधनं झाली. हे सगळं माझ्या वहीत होतं. समोर घडताना पाहिलं ते तुमच्याकडे.

पहिला आठवडा आठवतो ना? नवीन मुलं, पाऊस, आणि रडारड. आयांना सहकारनगरात धुण्याभांड्याच्या कामाला पोचायची घाई. मुलाला खेळात गुंतवायचं आणि मागच्या मागे सटकायचं, हीच सगळीकडची रीत. तुम्ही दारातच एकीला अडवलंत. "सांगून जा गं. फसवून गेलीस तर उद्या पदर सोडायचा न्हाय तो." आणि काय सांगायचं तेही तुम्हीच सांगितलंत: खिचडीचा डबा आला, खाऊन झालं, हात धुतले, की आई येणार. तीन वर्षांच्या मुलाला साडेअकरा म्हणजे काय ते कळत नाही. पण बचत गटाचा डबा आलेला त्याला दिसतो, हात धुणं त्याला कळतं. ती आई रोज त्याच वेळेला आली पाहिजे, याकरता तुम्ही तिच्या कामाच्या घरी निरोपसुद्धा धाडलात.

तिचा मुलगा तरीही रडला. तुम्ही त्याला "रडू नको" म्हणाला नाहीत. बाजूला सूप घेऊन बसलात, त्यात घरून आणलेली मटकी आणि हरभरे एकत्र ओतलेत, आणि दोन वाट्या त्याच्यासमोर सरकवल्यात. त्याच्याकडे बघितलंही नाहीत. तुमचं निवडणं सुरू. थोड्या वेळाने, हुंदके चालूच असताना, त्याचा हात सुपाकडे आला. अंगठा आणि तर्जनी जुळवून एक हरभरा उचलला, वाटीत टाकला. टण्ण आवाज झाला. त्याने वाटीत वाकून पाहिलं, मग दुसरा उचलला. सूक्ष्म स्नायूंचा विकास, वर्गीकरण, एकाग्रता असे रकाने माझ्या निरीक्षण वहीत छापलेले होते. त्या सकाळी ते आपोआप भरत गेले. मला वाटलं, धान्य निवडायचं राहिलं असेल म्हणून आणलं असेल. दुसऱ्या दिवशी मी लवकर पोचले, तर निवडलेली मटकी आणि हरभरे तुम्ही डब्यात पुन्हा हाताने कालवत होतात.

असंच त्या काळ्या दोऱ्याचं. पावसाळ्यात जुलाबांची साथ होती. एक मुलगी हजर होती, खेळत होती, हसत होती. तुम्ही तिचे हात धुताना थबकलात आणि सेविकाताईंना हाक मारलीत, "हिचा दोरा कोपराकडं सरकतोय बघा." मनगटाला घट्ट बसणारा दोरा सैल झाला होता. ताईंनी दंडघेराची, म्हणजे दंडाच्या घेरावरून कुपोषण ओळखायची रंगीत पट्टी लावली. साडेबारा सेंटिमीटरच्या खाली मध्यम कुपोषण, साडेअकराच्या खाली तीव्र, हे मी परीक्षेसाठी पाठ केलेलं. तिचा आकडा पिवळ्या, म्हणजे मध्यम कुपोषणाच्या पट्ट्यात आला. वजन झालं, डॉक्टरांकडे गेली, घरच्यांना समजावलं, सावरली. पट्टी महिन्यातून एकदा लागते. हात मात्र रोज धुतले जातात आणि ते धुणारं माणूस पाहणारं असेल तर पट्टीची वाट बघावी लागत नाही. माझ्या वर्गात आजही मुलांचे हात मी स्वतः धुते. कुणी म्हणतं, हे काम मदतनिसाला द्या. मी देत नाही.

त्या बांधकामावरच्या कुटुंबातल्या, कानडी बोलणाऱ्या भावंडांसाठी तुम्ही त्यांच्या आईकडून पाणी, जेवण, शू असे मोजके शब्द शिकून घेतलेत. पाणी हवं का, हे कुणीतरी आपल्या बोलीत विचारतंय म्हटल्यावर ती दोघं दाराजवळून उठून आत सरकली. मातृभाषेचं महत्त्व यावर मी प्रबंधाएवढं लिहू शकते, पण मला ते पटलं त्या दोघांच्या आत सरकण्याने.

आता पुराचं. 25 सप्टेंबर 2019 ची रात्र आंबिल ओढ्याकाठचं कुणीच विसरणार नाही. तुमच्याही घरात पाणी होतं आणि तरी अंगणवाडीचा चिखल उपसायला तुम्ही आलात. तक्ते गेले, बऱ्याचशा सतरंज्या आणि खेळणी गेली. मुलं परत यायला लागली तेव्हा मी एक छान गोष्ट तयार करून आणली होती, मन रमावं म्हणून. गोष्ट सुरू व्हायच्या आत एका मुलाने ठोकळ्यांची टोपली उलटी केली आणि ओरडला, "पाणी आलं, पाणी आलं!" सगळी मुलं घडी घातलेल्या सतरंज्यांच्या ढिगावर चढली. एकीने बाहुली छातीशी धरली. एक जण खाली राहिलेल्याला ओढत होता, आणि ओढता ओढता खरंच रडत होता. मी त्यांना खाली उतरवायला पुढे झाले, तर तुम्ही माझा हात धरलात. "खेळू दे. आतलं भाईर येतंय." आणि तुम्ही स्वतः त्या ठोकळ्यांच्या मधोमध जाऊन बसलात. "मी म्हातारी, मला कोण काढणार रं?" तो रडणारा मुलगा उतरला, तुमचा हात धरला, आणि सगळ्यांनी मिळून तुम्हाला ढिगावर चढवलं. तुम्ही खोटं खोटं धापा टाकत होतात. मुलं हसत होती.

रोज तोच खेळ. मी रोज वहीत लिहायची. हळूहळू त्यात भर पडली. पाणी ओसरलं, घर झाडलं, भांडी मांडली, चहा झाला. मग कुणीतरी दुकान काढलं. पुढे एक दिवस पाणी आलंच नाही, नुसतंच दुकान चाललं. मी हे वर्गात वाचून दाखवलं तेव्हा आमच्या बाई बराच वेळ बोलल्या: भीती वाटलेली गोष्ट मूल खेळात पुन्हा पुन्हा उभी करतं, आणि दर वेळी ती थोडी थोडी आपल्या ताब्यात आणतं; मोठ्यांनी तिथे फक्त सोबत असायचं, खेळ हिसकावून घ्यायचा नाही. बाईंनी मला विचारलं, तुला हे कसं सुचलं? मी तुमचं नाव सांगितलं. तो तास संपेपर्यंत आम्ही तुमच्याबद्दलच बोलत होतो, हे तुम्हाला कधी सांगायचं राहूनच गेलं.

दिवाळीनंतर आयांचा धोशा सुरू झाला: लिहायला कधी घेणार? शेजारच्या गल्लीतल्या इंग्लिश नर्सरीत मुलं एबीसीडी गिरवतात, आमचं पोर नुसतं खेळतंय. मला उत्तर माहीत होतं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलात त्यांतली बरीचशी अजून कूर्चाच असतात, हाड व्हायची असतात. पण हे बोलून आई ऐकत नव्हती. तुम्ही तिच्या मुलापुढे ओल्या भुईमुगाच्या शेंगा ठेवल्यात. त्याने शेंग दातात धरली, दोन्ही हातांनी पिळली, जमिनीवर आपटली. आई बघत होती. तुम्ही म्हणालात, "बोटात शेंग फोडायचा जोर येऊ दे, मग पेन्शील." संक्रांतीच्या आसपास तो शेंगा फोडून दुसऱ्यांना वाटायला लागला तेव्हा त्या आईनेच दुसऱ्या आईला समजावलं. पालकसभेत मी अजून हेच करते. भाषणाऐवजी शेंगा ठेवते, किंवा बटणं लावलेलं कापड.

मार्च 2020 मध्ये अंगणवाडी बंद झाली आणि माझा सराव अर्धवट राहिला. तुमचं काम मात्र सुटलं नाही. घरोघरी सर्वेक्षण, शिधा पोचवणं. तोंडाला साडीचा पदर बांधून वस्तीत फिरणाऱ्या तुम्ही मला फोनवर विचारायचात, "परीक्षा होणार का तुझी?"

एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी, जिच्यातून अंगणवाड्या चालतात ती एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून शालापूर्व शिक्षण ही तिच्या सहा सेवांपैकी एक आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा सगळा टप्पा पायाभूत म्हणून एकत्र धरला, आणि आता बालशिक्षणावर पूर्वी कधी नव्हतं इतकं बोललं जातं. पण मी गेलेल्या एकाही कार्यशाळेत मदतनीस बसलेली मला दिसली नाही. ती चहाच्या ट्रेमागे असते. लहान मुलाचं शिकणं फळ्यासमोर कमी आणि नळापाशी, दारापाशी, ताटापाशी जास्त होतं. या तिन्ही जागांवर दिवसभर उभी असते ती मदतनीस. तिला प्रशिक्षणाबाहेर ठेवणं हे मुलांचं नुकसान आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि तुमच्यासारखीला पगार नाही, मानधन, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

आता थोडं माझं. मी सध्या शिकवते ती बालवाडी सिंहगड रोडला आहे. दर वर्षी कोर्सच्या मुली माझ्याकडे सरावाला येतात. पहिला आठवडा मी त्यांना पाठ घेऊ देत नाही. आमच्या मदतनीस ताईंबरोबर राहायला सांगते, चपला लावायला, डबे उघडून द्यायला. काही मुलींना ते आवडत नाही. त्या विचारतात, शिकवायला कधी मिळणार? मी त्यांना तुमच्याबद्दल सांगते. पण माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्यांनी तुम्हालाच भेटावं. आमच्या संस्थेशी मी बोलले आहे. पाहुण्या व्याख्यात्यांना देतात तेच मानधन तुम्हालाही मिळेल, आणि भाषण वगैरे काही नको. मुलं असतील, त्यांच्यात तुम्ही नेहमीसारख्या बसा. मुली पाहतील आणि विचारतील. तुम्हाला जमेल तो वार सांगा.

आणि दुसरं तितकंच महत्त्वाचं. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस दोघींनाही ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचं सांगितलंय. "आपल्याला कुठलं काय मिळतंय" असं म्हणून सोडून देऊ नका. अर्ज मी लिहीन, कार्यालयात तुमच्याबरोबर येईन, रांगेत मी उभी राहीन. नेमणुकीचा आदेश, बँकेचं पासबुक आणि आधार कार्ड ट्रंकेतून काढून ठेवा. पुरात आदेश भिजला असेल तर तसाच ठेवा, वाळवून सरळ केलेलाही चालेल. नक्कल मिळवायचं मी बघते. रविवारी सकाळी दहाला येते.

तुमची,
बालवाडीताई